मोकळ्या मैदानाचा शाहीर : अण्णा भाऊ साठे

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोरामोठ्यांपैकी एकाचं चरित्र लिहून द्या, असं स्मरणिका समितीने मला सांगितलं. नाव माझ्यावरच सोडलं होतं. मी अण्णा भाऊ साठ्यांचं नाव सांगितलं तेव्हा समितीतले एक-दोघे जरा थबकले. त्यांची जयंती तर तिकडे होतेच की, असा सूर निघाला. तिकडे म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. आपल्या भागात थोर माणसांच्या अशा वाटण्या झाल्यात खऱ्या. एकाचा फोटो या गल्लीत, दुसऱ्याचा त्या गल्लीत. आपल्या सोसायटीत मात्र पंचवीस वर्षांपासून सगळ्या आडनावांची माणसं एका नळाचं पाणी पितात. म्हणून मुद्दाम याच माणसाबद्दल लिहायचं ठरवलं.

१ ऑगस्टला मराठवाड्यात गावोगावी हलगी वाजते, मिरवणूक निघते, चौकात हार घातले जातात. पण शाळेतल्या पोरांना अण्णा भाऊंनी काय केलं म्हणून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर दीड दिवसाच्या शाळेपाशी थांबतं. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे हे उत्तर अनेकदा ऐकलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्यांनी तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, शेकड्याने कथा लिहिल्या. आणि त्याच्याही आधी त्यांनी उघड्या मैदानावरचं एक गाणारं, वाजवणारं, हसवणारं आणि विचार करायला लावणारं नाटक उभं केलं. मला प्रामुख्याने त्याबद्दल सांगायचं आहे.

अण्णा भाऊंचं पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगली जिल्ह्यात आहे. जन्म मातंग समाजात. त्या काळी इंग्रज सरकारने काही जातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. त्या भागातल्या मातंगांना पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागे. काहीही न करता रोज आपण इथेच आहोत हे दाखवायला जायचं! पुढे अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ कादंबरीत हा अपमान आणि त्याविरुद्धचं बंड रंगवलं.

शाळेची गोष्ट आपल्याला माहीत आहे. शाळेत गेले, मास्तरांचा मार खाल्ला आणि परत फिरकले नाहीत. पुढे १९३१-३२ च्या सुमारास सगळं घर पोटासाठी मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे कुठले? तीनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता ही माणसं पायी चालली, वाटेत मिळेल ते काम करत. आपल्याकडून ऊसतोडीला आणि मुंबई-पुण्याला, हैदराबादला कामाला जाणारी कुटुंबं दरवर्षी निघतात, त्यामुळे हे चित्र आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड झालं. तुकारामने हमाली केली, कोळसे उचलले, फेरीवाल्याचं काम केलं, गिरणीतही राबला. आणि हे करता करता तो वाचायला शिकला. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हीच त्याची बाराखडी. अक्षराला अक्षर लावत लावत हा पोरगा मराठीतला मोठा लेखक झाला, हे मी मास्तर म्हणून जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तेव्हा आमच्या पाठ्यक्रमांची थोडी गंमत वाटते.

मध्यंतरी घर पुन्हा वाटेगावला गेलं. तिथे नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णा भाऊ त्यात शिरले. ढोलकी, तुणतुणं, पेटी, जे हाताला लागेल ते वाजवायला शिकले. आवाज खडा, पाठांतर दांडगं. या फडातलं शिक्षण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरलं. हातात वाद्य होतं, समोर गावची माणसं होती आणि ही माणसं कधी हसतात, कधी गप्प होतात, कधी उठून जातात, हे त्यांना रोज दिसत होतं.

परत मुंबईला आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. तिथे कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांशी ओळख झाली आणि ते त्या चळवळीत उतरले. कॅम्पात डासांचा सुळसुळाट. त्यावरच त्यांनी पोवाडा केला. पोवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, तलवार, घोडा येतो. यांनी डासांवर पोवाडा रचला आणि कॅम्पातली माणसं ऐकायला जमली. ज्याला रात्रभर डास चावतात त्याला त्या पोवाड्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला आणि त्यांचं नाव कामगारवस्त्यांत पसरलं. बंगालात दुष्काळ पडला तेव्हा ‘बंगालची हाक’ रचली.

१९४४ साली तीन शाहीर एकत्र आले: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर. त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. यातले अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. लातूर-बार्शीची छोटी रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना बार्शी काही परकी नाही. एक मातंग घरातला, एक मुसलमान घरातला आणि तिसरे गव्हाणकर. पोवाडा शिवाजी महाराजांचा असो की गिरणी कामगाराचा, तिघांचा सूर एकच. त्या काळात कुणाला यात वावगं वाटलं नाही. आपण मात्र आज या तिघांचे फोटो तीन ठिकाणी लावतो.

आता हे कलापथक नेमकं काय करत होतं ते सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सुगी उरकली, गुढीपाडवा झाला की जत्रांचे दिवस येतात. रात्री हवा जरा थंड पडते, मोकळ्या रानात बारदान अंथरून माणसं बसतात आणि ढोलकीवर थाप पडते. ज्यांनी तमाशा पाहिलाय त्यांना त्याचा क्रम पाठ असेल. आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गौळण. त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. कलाकारांच्या मागे झीलकरी उभे राहतात आणि शाहिराची ओळ संपली की जी जी करत उचलून धरतात. पडदा नाही, नेपथ्य नाही. राजा दोन पावलं चालला की तो महालातून जंगलात पोहोचला, एवढं प्रेक्षकाला कळतं.

अण्णा भाऊंनी हा साचा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात देवाच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या माणसाला नमन आलं. गवळणींची थट्टा काढून टाकली, कारण तिथे बाईची टिंगल व्हायची. वगातला राजा-प्रधान गेला आणि त्याच्या जागी सावकार, शेतकरी, शेटजी, गिरणी कामगार, पुढारी ही रोजची माणसं आली. सोंगाड्या मात्र राहिला. मोठ्या माणसाला तोंडावर खरं सुनावण्याचं काम पूर्वीपासून सोंगाड्याचंच. त्यांनी ते काम आणखी धारदार केलं.

त्यांच्या वगांची नावं पाहिली तरी अंदाज येतो: ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’. हे वग थिएटरात तिकीट लावून व्हायचे नाहीत. चाळीच्या पटांगणात, गिरणगावातल्या मैदानात, संपाच्या सभेत, शेतकऱ्यांच्या परिषदेत व्हायचे. मैदानाला दार नसतं, त्यामुळे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्या रांगेची खुर्ची नसते, म्हणून मोठा-लहान नसतो. ज्या माणसाला गावात देवळाच्या आत जाता येत नव्हतं त्याच्या कलेला मोकळं मैदान का मानवलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

मैदानावरची कला मोठी कठीण असते. बंद थिएटरात प्रेक्षक पैसे देऊन बसलेला असतो, कंटाळला तरी लगेच उठत नाही. मैदानातला माणूस दिवसभर राबून आलेला. आवडलं नाही तर चालू लागतो. म्हणून आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, शब्द त्याच्या घरातलाच पाहिजे, आणि हसू पिकायला हवं. अण्णा भाऊंची भाषा साधी का, तर ती अशी तावूनसुलाखून निघालेली आहे. पुढे कादंबऱ्या लिहितानाही त्यांनी ती सोडली नाही. त्यांची वाक्यं वाचताना मागे कुठेतरी ढोलकी चालू असल्यासारखं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. त्यात अश्लीलता फार झाली, अशी तक्रार होती आणि ती सगळीच खोटी होती असं नाही. पण लाल बावटा कलापथकालाही बंदीचा सामना करावा लागला, आणि तिथे अश्लीलता हे कारण नव्हतं. सरकारला त्यांची थट्टा झोंबत होती. या काळात तमाशाच्या या नव्या रूपाला लोकनाट्य हे नाव रूढ झालं. नाव बदललं, ढोलकी तीच राहिली. पुढे मराठी रंगभूमीवर लोकनाट्याचा जो बहर आला, त्याची वाट या मंडळींनी मोकळी केली.

या काळात आपलं बिलोली कुठे होतं? आपण तेव्हा मुंबई राज्यात नव्हतोच. निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला झेंडा वर चढायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. आपल्या पूर्वेला तेलंगणात शेतकरी जमीनदारांविरुद्ध आणि निजामाविरुद्ध लढत होते. अण्णा भाऊंनी मुंबईत बसून त्या लढ्यावरही पोवाडा केला, ‘तेलंगणाचा संग्राम’. वारणाकाठचा माणूस मुंबईच्या कामगारांना गोदावरीपलीकडच्या शेतकऱ्याची गोष्ट गाऊन सांगत होता. त्या शेतकऱ्याची बोली तेलुगू, ऐकणाऱ्याची मराठी. आपण सीमेवरचे लोक, दोन्ही भाषा कानावर घेऊन वाढलेले, म्हणून मला या पोवाड्याचं विशेष वाटतं.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य व्हावं म्हणून शंभरावर माणसांनी प्राण दिले. या लढ्यात शाहिरांनी सभा पेटवल्या. नेत्यांच्या भाषणाआधी शाहिराचा डफ वाजायचा आणि मैदान भरायचं. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातली. मुंबईला पोटासाठी आलेला एक माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, असा तिचा विषय. ऐकताना ती आधी विरहाची छक्कड वाटते. हळूहळू कळतं की ही दुरावलेली मैना म्हणजे मराठी राज्याबाहेर राहिलेला मराठी मुलूखही आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं त्यात येतात. घरच्या माणसाची आठवण आणि राज्याची मागणी एका छकडीत बसवायची हे सोपं काम नाही. भाषणाने जे पटलं नसतं ते या गाण्याने पटलं.

आपल्या भागाला हे दुःख नकाशावरून शिकायची गरज पडली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, तसंच मुधोळ, भैंसा आणि कुबेर हा भाग आंध्रात गेला. बिलोलीत अशी किती घरं आहेत ज्यांच्या लेकी तिकडे दिल्यात आणि सुना तिकडून आल्यात! एका रात्रीत सोयरे परराज्यातले झाले. सोयरीक तुटली नाही ती नाहीच, पण सातबारा, शाळा, दाखले, कचेरी यांची भाषा बदलली. अण्णा भाऊंच्या छकडीत आपल्या गावांची नावं नाहीत, तरी ती ऐकताना आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे का भरायचे ते यावरून समजावं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. आणि एक गोष्ट बघा. आपली सोसायटी ज्या कायद्याखाली नोंदली गेली, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. राज्याच्या जन्माचं साल त्या कायद्याच्या नावातच आहे. पंचवीस वर्षं आपण सर्वसाधारण सभेत पोटनियमांवरून भांडतो, पण हे राज्य मिळावं म्हणून मैदानांवर कोण घसा फोडून गायलं होतं, हेही अधूनमधून आठवावं.

कलापथक चालू होतं तेव्हा आणि त्यानंतरही अण्णा भाऊ लिहितच होते. १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. तमाशातल्या कलावतीच्या जीवनावरची ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’, ‘माकडीचा माळ’ ही पुस्तकं आजही ग्रंथालयात मागितली जातात. काहींवर चित्रपट निघाले. स्त्रीचा मान आणि गरिबाचा स्वाभिमान हे दोन विषय त्यांनी कधी सोडले नाहीत. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं.

आता या गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत सांगायलाच हवी अशी गोष्ट. एवढं सगळं लिहिणारा हा माणूस राहत कुठे होता? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. दोन दशकं त्यांनी तिथल्या झोपडीत काढली आणि बरंचसं लेखन तिथेच केलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांवर ‘चिरागनगरची भुतं’ हा कथासंग्रह लिहिला. मॉस्को पाहून आलेला लेखक परत त्याच झोपडीत आला. पुस्तकं खपत होती, चित्रपट निघत होते, पण पैसा त्यांच्या हाती फारसा टिकला नाही. शेवटची वर्षं हलाखीची होती. संसारात तणाव, व्यसनाचा विळखा, प्रकृतीची पडझड हे सगळं झालं. थोर माणसाचं चरित्र लिहिताना हे गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ते गाळत नाही, कारण त्याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही आणि मुलांना माणूस पूर्ण कळावा.

१९६८ मध्ये त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. पक्कं छप्पर डोक्यावर आलं तेव्हा वय अठ्ठेचाळीस. त्या घरात त्यांना जेमतेम वर्ष लाभलं. १८ जुलै १९६९ ला त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती. आणि योगायोग असा की सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ अपघातात गेले. १९४४ साली ज्या तिघांनी एकत्र सूर लावला, त्यातले दोघे एकाच पावसाळ्यात गेले.

त्यांच्या मागे बरंच झालं. २००२ साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्यांच्या नावाने महामंडळ झालं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. गावोगावी चौक झाले. हे सगळं योग्यच आहे. पण पुतळा एका जागी बसतो आणि त्याच्याभोवती कठडा येतो. शाहीर कठड्यात मावत नाही. त्याला ऐकणारी माणसं लागतात, आणि तीही सगळ्या गल्ल्यांतली.

म्हणून माझी एक सूचना आहे, रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने व्यवस्थापक समितीपुढे ठेवतो. आपल्या सोसायटीच्या मधोमध मोकळी जागा आहे. तिथे पत्र्याचं शेड टाकून गाड्या लावाव्यात, असा एक विचार चालू आहे. गाड्यांची अडचण मलाही दिसते, माझ्या मुलाचीच गाडी रस्त्यावर उभी असते. तरी शेड टाकण्याआधी मे महिन्यातली एक संध्याकाळ त्या जागेला देऊन पाहावी. मुलांना सुट्टी असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, ऊन उतरलं की सगळे बाहेरच बसतात. मुलांनी एखादा छोटा वग बसवावा. विषय लांबचा नको. पाण्याच्या टँकरचा असो, वीज गेल्याचा असो, नाहीतर आपल्याच वार्षिक सभेचा असो. सोंगाड्याने अध्यक्षांची थट्टा केली तर अध्यक्षांनी रागावू नये. स्पीकर लावू नका. आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत कसा न्यायचा ते पोरांना शिकू द्या.

ढोलकी वाजवणारे आपल्या बिलोलीत भरपूर आहेत. पेटी माझ्याकडे आहे, थोडी बेसूर आहे, पण दुरुस्त करून देतो. ज्यांच्या घरी अण्णा भाऊंची पुस्तकं असतील त्यांनी ती मुलांना वाचायला द्यावीत. नसतील तर माझ्याकडून घेऊन जावीत, फक्त परत आणून द्यावीत.